खेळता खेळता बंद पडणारं ग्राफिक्स कार्ड: स्क्रू काढण्याआधी खोलीचं तापमान मोजा

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात भाच्याचा फोन आला. "मामा, कार्ड गेलं बहुतेक. गेम सुरू केला की वीस मिनिटांत स्क्रीन काळी. आवाज थोडा वेळ येत राहतो, मग तोही अडकतो." नाशिकच्या सिडकोतलं त्यांचं घर वरच्या मजल्यावर, डोक्यावर थेट स्लॅब, आणि त्याच्या खोलीची भिंत पश्चिमेची. एका दुकानात कॅबिनेट न उघडताच त्याला सांगितलं होतं की कार्ड संपलं, नवीन घ्या. कार्ड होतं जीटीएक्स १६६० सुपर, पाच वर्षं वापरलेलं. ते आजही त्याच मशीनमध्ये चालतंय, आणि दुरुस्तीला थर्मल पेस्टची (चिपची उष्णता वाहून नेणाऱ्या मलमाची) एक ट्यूब सोडून काही विकत आणावं लागलं नाही.

त्या दोन दिवसांत आम्ही जे केलं ते क्रमाने लिहितो. क्रम महत्त्वाचा आहे, कारण बहुतेक जण उलटीकडून सुरुवात करतात: आधी कार्ड उघडतात, पेस्ट बदलतात, मग कळतं की दोष यूपीएसमध्ये होता.

पडलं म्हणजे नक्की काय झालं?

'क्रॅश' हा एकच शब्द आपण चार वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. नुसता गेम बंद होऊन डेस्कटॉप दिसला आणि बाकी सगळं नीट चालू राहिलं, तर संशय ड्रायव्हरवर (विंडोज आणि कार्ड यांना जोडणाऱ्या प्रोग्रॅमवर), गेमच्या फाइल्सवर, रॅमवर किंवा ओव्हरक्लॉकवर (ठरल्यापेक्षा जास्त वेगाने चालवण्यावर) घ्यावा. स्क्रीन काळी झाली, कार्डाचे फॅन एकदम पूर्ण वेगाने घोंघावू लागले आणि आवाज मात्र येत राहिला, तर कार्डाने स्वतःच काम थांबवलंय. त्यामागे उष्णता असू शकते, वीजपुरवठाही असू शकतो. अख्खं मशीनच खट्‌कन बंद होऊन रिस्टार्ट झालं, तर आधी एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) आणि यूपीएसकडे बघा. आणि पडद्यावर रंगीत ठिपके, चौकोन, ताणलेले त्रिकोण दिसायला लागले तर कार्डावरच्या मेमरीचा प्रश्न आहे.

यातलं आपलं कोणतं, हे आठवणीवर सोडू नका. स्टार्ट मेनूत इव्हेंट व्ह्यूअर शोधा, त्यात विंडोज लॉग्ज आणि मग सिस्टिम उघडा, आणि मशीन पडलं त्या वेळेच्या नोंदी वाचा. 'डिस्प्ले' या नावाने ४१०१ क्रमांकाची नोंद असेल तर ड्रायव्हर गोठला होता आणि विंडोजने तो परत उभा केला. कार्डाने उत्तर दिलं नाही तर विंडोज मुळात २ सेकंद थांबतं आणि मग हा उपाय करतं. एनव्हिडियाच्या कार्डांत 'एनव्हीएलडीडीएमकेएम' हे नाव दिसतं, ते त्यांच्याच ड्रायव्हरचं. 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद पाहून पुष्कळ जण एसएमपीएस बदलायला धावतात. पण तिचा अर्थ एवढाच की मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं. का पडलं, ते ती सांगत नाही.

भाच्याचं प्रकरण दुसऱ्या प्रकारातलं होतं: काळी स्क्रीन, फॅन भन्नाट, आवाज चालू.

मोजणी: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

तापलेलं कार्ड सरळ पडत नाही. चिप तापायला लागली की आधी फॅनचा वेग वाढतो. तेवढ्याने भागलं नाही तर कार्ड स्वतःचा क्लॉक (कामाचा वेग) कमी करतं, म्हणजे कमी काम करून कमी तापतं. एनव्हिडियाच्या बऱ्याच कार्डांत ही कपात ८३ अंशांच्या आसपास सुरू होते. त्याच्याही वर कमाल मर्यादा असते. आरटीएक्स ३०६० साठी कंपनीनेच ९३ अंश दिली आहे, आरटीएक्स ४०६० साठी ९०. एएमडीने २०१९ मध्ये आरएक्स ५७०० मालिकेच्या वेळी सांगितलं होतं की चिपवरच्या सगळ्यात गरम बिंदूला ११० अंशांपर्यंत चालतं. म्हणजे उष्णतेने पडणारं कार्ड पडण्याआधी बराच वेळ धापा टाकत असतं. एफपीएस (दर सेकंदाला दिसणारी चित्रं) हळूहळू घसरतात, फॅनचा आवाज वाढतो. ६५ अंशांवर, क्लॉक पूर्ण असताना, कोणतीही पूर्वसूचना न देता पडलं तर चिपच्या उष्णतेला दोष देण्याआधी दहा वेळा विचार करा.

यासाठी एचडब्ल्यूइन्फो हा मोफत प्रोग्रॅम घ्या. सुरू करताना 'सेन्सर्स ओन्ली' निवडा. खाली लॉगिंग सुरू करायचं बटण आहे, ते दाबलं की प्रत्येक आकडा फाइलमध्ये उतरत जातो. मशीन पडलं तरी तोवरचा लॉग डिस्कवर राहतो, आणि एक्सेलमध्ये उघडून शेवटच्या ओळी वाचता येतात. आपल्याला हवे ते आकडे असे: जीपीयू (कार्डाची मुख्य चिप) तापमान, हॉटस्पॉट (चिपवरचा सगळ्यात गरम बिंदू), क्लॉक, फॅनचा वेग, किती वॅट खातंय, आणि ज्या कार्डांत जीडीडीआर६एक्स मेमरी आहे त्यांत मेमरी जंक्शनचं, म्हणजे मेमरीच्या चिपच्या आतलं तापमान. जीपीयू-झेड हा दुसरा मोफत प्रोग्रॅम. त्यात 'पर्फकॅप रीझन' नावाची ओळ आहे. तिथे थर्मल दिसलं तर कार्ड उष्णतेमुळे मागे हटतंय. पॉवर दिसलं तर वॅटची मर्यादा गाठली आहे आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

आता खोली. साधा डिजिटल थर्मामीटर आणा आणि कॅबिनेट जिथून हवा ओढतो त्या बाजूला, हातभर अंतरावर ठेवा. कार्ड किती तापलं यापेक्षा *खोलीपेक्षा किती जास्त* तापलं हा आकडा खरा. नाशिकमध्ये डिसेंबरच्या संध्याकाळी खोलीत २० अंश असतात. निफाडकडे तर त्याहून कडाका. तेच घर एप्रिल-मेमध्ये ३५ च्या वर जातं, बाहेर पारा चाळिशीला टेकलेला असतो. कार्डावरचा पंखा खोलीतलीच हवा फेकतो, त्यामुळे खोली १५ अंशांनी तापली की कार्डही साधारण तेवढंच वर सरकतं. डिसेंबरात ७४ दाखवणारं कार्ड आपल्याला ठणठणीत वाटतं. तेच एप्रिलमध्ये ८८ वर जाऊन पडतं आणि आपण म्हणतो, अचानक बिघडलं. ते अचानक बिघडलेलं नसतं. फरकाचा आकडा डिसेंबरातही तितकाच वाईट होता.

माझा ठोकताळा असा: १२० ते १७० वॅटचं दोन पंख्यांचं कार्ड अर्धा तास जड गेम चालवल्यावर खोलीपेक्षा ३५ ते ४२ अंश वर असेल तर तब्येत ठीक. ४५ च्या पुढे गेलं तर कुठेतरी अडथळा आहे. ५० च्या पुढे गेलं तर उन्हाळ्याची वाट न बघता हात घाला. आणि जीपीयू तापमान व हॉटस्पॉट यांतला फरक वेगळा लिहून ठेवा. तो १० ते १५ असावा. २५-३० झाला तर चिप आणि हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूच्या पात्यांचा ठोकळा) यांच्यामधली पेस्ट वाळली किंवा सरकली आहे. आरटीएक्स ५० मालिकेत हॉटस्पॉटचा आकडा बाहेर दिसत नाही, तिथे फक्त खोलीशी फरक धरून चालावं लागतं.

भाच्याच्या मशीनचा पहिला लॉग असा होता: खोली ३४, कार्ड ८८, हॉटस्पॉट ११०. फरक ५४. क्लॉक १९०० मेगाहर्ट्‌झच्या आसपास सुरू होऊन शेवटच्या पाच मिनिटांत १४०० पर्यंत घसरलेला. म्हणजे प्रकरण उष्णतेचंच होतं. आणखी एक गोष्ट मी केली: थर्मामीटर कॅबिनेटच्या अगदी पुढ्यात, टेबलाच्या कप्प्यात ठेवला. तिथे ४२ अंश निघाले.

कॉम्प्युटर टेबलचा तो कप्पा

आपल्याकडे सुताराकडून करून घेतलेल्या टेबलात 'सीपीयू ठेवायला' म्हणून एक कप्पा असतो. तीन बाजूंनी प्लाय, मागे भिंत, कधीकधी पुढे दारसुद्धा. ऑफिसच्या कामाला तो चालतो. ग्राफिक्स कार्डाच्या मशीनला तो भट्टी होतो, कारण मागून फेकलेली गरम हवा भिंतीवर आपटून पुन्हा पुढून आत ओढली जाते.

म्हणून पहिली चाचणी कोणत्याही हत्याराशिवाय करा. कॅबिनेट कप्प्यातून बाहेर काढा, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा, तोच गेम तेवढाच वेळ खेळा. आमच्याकडे कार्ड ८८ वरून ८१ वर आलं. नुसती जागा बदलून ७ अंश. मशीन पडणं तिथेच थांबलं होतं, पण ४७ चा फरक मला पुरेसा वाटला नाही.

दुसरी चाचणी: साइड पॅनल काढून पंधरा मिनिटं खेळा. तापमान आणखी ५ अंशांपेक्षा जास्त उतरलं तर कॅबिनेटमध्ये हवा फिरत नाही. समोर काच असलेले कॅबिनेट दिसायला देखणे असतात, पण पुढच्या फॅनला हवा कडेच्या फटीतून ओढावी लागते. पुढून दोन फॅन आत, मागून एक बाहेर, एवढी मांडणी बहुतेक घरगुती मशीनला पुरते. फॅन उलटा बसलाय का हे बाहेरच्या बाजूने कागदाचा कपटा धरून पाहता येतं: आत ओढणाऱ्या फॅनला कागद चिकटतो, बाहेर फेकणाऱ्याला उडतो. पॅनल काढूनही फारसा फरक पडला नाही, तर दोष खुद्द कार्डात आहे. आमचा होता.

पॅनल काढून कायमचं खेळणं मात्र नको. धूळ थेट आत जाते, आणि घरात लहान मूल असेल तर फिरता पंखा त्याच्या बोटांच्या उंचीवर येतो. उन्हाळ्यात कूलर कॅबिनेटकडे वळवून ठेवलेलेही मी पाहिलेत. कूलर दमट हवा फेकतो, कधी बारीक तुषारही. खोलीसाठी कूलर जरूर लावा, पण त्याचा झोत मशीनवर नको.

धूळ

नाशिकमध्ये गेली काही वर्षं जिकडेतिकडे बांधकाम आणि रस्त्याची कामं सुरू आहेत. पाथर्डी फाटा, गंगापूर रोड, आडगावकडचा भाग, कुठेही खिडकी उघडी ठेवली की संध्याकाळपर्यंत टेबलावर बोटाने नाव लिहिता येतं. ही धूळ कोरडी असते आणि फुंकरीने जाते. त्रास देते ती घरातली चिकट धूळ. देवघर त्याच खोलीत असेल तर उदबत्ती-धुपाचा धूर, स्वयंपाकघर जवळ असेल तर फोडणीचा तेलकट वाफारा. हे सगळं हीटसिंकच्या पात्यांवर बसतं आणि त्यावर धूळ थापली जाते.

भाच्याचं कार्ड बाहेर काढून उजेडात धरलं तेव्हा वरून स्वच्छ दिसलं. पंख्यांच्या मधून टॉर्च मारल्यावर कळलं. पात्यांच्या आणि पंख्याच्या मध्ये राखाडी नमद्यासारखा थर होता, गादीतल्या कापसासारखा दाबलेला, चिमट्याने धरला तर सलग निघणारा. हवा पंख्यापर्यंत येत होती, पुढे जायला वाट नव्हती.

साफसफाई अशी करा. मशीन शटडाउन करून प्लग काढा, मग पॉवर बटण दहा सेकंद दाबून ठेवा म्हणजे उरलीसुरली वीज उतरते. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातला स्टॅटिक चार्ज घालवा. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत हे विसरू नका. कार्डाची पॉवर केबल काढा, मागचे स्क्रू काढा, आणि मदरबोर्डच्या स्लॉटच्या टोकाला असलेली खिट्टी दाबूनच कार्ड वर उचला. ती न दाबता ओढून स्लॉट तुटलेले मी पाहिलेत.

मग गॅलरीत या. दिवाळीच्या साफसफाईत वापरतो तो हातातला ब्लोअर पुरतो. पण आधी प्रत्येक पंखा बोटाने किंवा इअरबडने अडवून धरा. झोताने पंखा भरमसाट वेगाने फिरला तर त्याचं बेअरिंग जातं. झोत मागच्या पट्टीच्या बाजूने मारा म्हणजे थर आला त्याच वाटेने बाहेर पडतो. चिकटलेल्याला रंगाचा मऊ ब्रश. व्हॅक्यूम क्लीनरचं प्लास्टिक तोंड कार्डाला घासू नका, त्यात स्टॅटिक तयार होतो. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर टाळा. टाकीत साठलेलं पाणी आणि तेल हवेबरोबर बोर्डावर उडतं, आणि दाब इतका असतो की बारीक भाग उखडू शकतात.

वर्षातून दोनदा करायचं तर आपल्याकडे दिवस ठरलेलेच आहेत. खंडेनवमीला घरातली हत्यारं, यंत्रं पुसून पुजतो, तेव्हा कॉम्प्युटरही उघडून झटकावा. दुसरी वेळ गुढीपाडव्याच्या आसपास, ऊन चढायच्या आधी. पूजेच्या वेळी उदबत्ती कॅबिनेटच्या पुढच्या जाळीसमोर नको आणि हळदकुंकू वरच्या जाळीवर नको. वरून पडलेलं कुंकू सरळ कार्डाच्या पाठीवर उतरतं.

पेस्ट आणि पॅड

इथे थांबून आधी बिल शोधा. कार्ड वॉरंटीत असेल तर उघडू नका. काही कंपन्या हीटसिंकच्या स्क्रूवर स्टिकर लावतात आणि ते फाटलं की वॉरंटी नाकारतात. वॉरंटीतलं कार्ड तापतंय तर लॉगची फाइल जोडून तक्रार करा, बदलून मिळण्याची शक्यता चांगली असते.

वॉरंटी संपली असेल, धूळ काढूनही हॉटस्पॉटचा फरक २० च्या पुढे असेल, तरच पुढे जा. सामान: चांगली थर्मल पेस्ट, ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सुटणारं कापड किंवा कॉफी फिल्टर, बारीक फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर, आणि स्क्रू ठेवायला वाट्या. प्रत्येक टप्प्यावर मोबाइलने फोटो काढा.

कार्ड काढण्याआधी दहा मिनिटं गेम चालवा, म्हणजे जुनी पेस्ट मऊ होते. मग कार्ड उपडं ठेवून मागचे स्क्रू सोडवा. चिपभोवतीचे चार स्प्रिंगवाले स्क्रू कर्णरेषेत, थोडे थोडे करून ढिले करा. हीटसिंक उचलला जात नसेल तर स्क्रू ड्रायव्हर खुपसून उचकटू नका. दोन्ही हातांनी धरून हलकंसं डावी-उजवीकडे फिरवा, चिकटलेली पेस्ट सुटते. एखादा स्क्रू राहिला असण्याची शक्यताही असते, पुन्हा मोजा. सुटल्यावर झटक्यात वेगळं करायचं नाही. पंख्याच्या बारीक वायरी बोर्डाला जोडलेल्या असतात. आधी त्यांचे कनेक्टर काढा, वायर न ओढता, प्लास्टिकला धरून.

आत जे दिसलं त्यात उत्तर होतं. पेस्ट चिपच्या मध्यावरून कडेला सरकलेली, मध्यभागी जवळजवळ आरसा. शेकडो वेळा गरम-थंड होताना चिप किंचित वाकते आणि पेस्ट हळूहळू बाहेर ढकलली जाते. चांगल्या कार्डांतही हे होतं.

कापडावर अल्कोहोल घेऊन चिप आणि हीटसिंकचा तांब्याचा भाग चकचकीत होईपर्यंत पुसा. चिपभोवती मुंगीपेक्षा लहान कपॅसिटर असतात, तिथे जोर लावू नका. सीपीयूला आपण मध्यात मोहरीएवढी पेस्ट ठेवतो, तो हिशोब इथे नको. ग्राफिक्स चिप उघडी असते, वर धातूचं झाकण नसतं, त्यामुळे कुठलाही कोपरा कोरडा राहिला तर तिथेच हॉटस्पॉट होतो. प्लास्टिकच्या पट्टीने संपूर्ण चिपवर पातळ, सलग थर पसरा. पेस्टऐवजी हनीवेलचं पीटीएम७९५० हे शीट मिळालं तर मी तेच घेईन. गरम झाल्यावर ते वितळून बसतं आणि पेस्टसारखं बाहेर ढकललं जात नाही.

मेमरी आणि व्होल्टेजच्या भागांवर रबरासारखे थर्मल पॅड असतात. ते अखंड आणि मऊ असतील तर हात लावू नका, होते तिथेच बसवा. फाटले असतील तर बदला, पण जाडी तंतोतंत तीच हवी: १, १.५ आणि २ मिलिमीटर या नेहमीच्या जाड्या. अर्ध्या मिलिमीटरने जाड पॅड लावला तर हीटसिंक चिपला टेकतच नाही आणि तापमान आधीपेक्षा वाढतं. दाबलेल्या पॅडवरून जाडी ओळखू नका, न दाबलेल्या कडेवरून मोजा, किंवा त्याच मॉडेलची माहिती शोधा. बोर्डावर तेलकट ओल दिसली तर घाबरू नका, पॅडमधलं सिलिकॉन तेल असतं, अल्कोहोलने पुसून टाका.

पॅडचा मुद्दा आणखी एका कारणाने लक्षात ठेवा. चिप ७० वर निवांत आणि तरी कार्ड पडतंय, असं कधी होतं तर मेमरीवरचे किंवा व्होल्टेजच्या भागांवरचे पॅड सुकलेले असतात. जुन्या बाजारातून घेतलेल्या कार्डांत हे जास्त. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं ग्राफिक्स कार्डांवर चालणारं मायनिंग (गणितं सोडवून चलन कमावणं) थांबलं आणि रात्रंदिवस राबवलेली असंख्य कार्डं सेकंडहँड बाजारात आली. अशा कार्डाची चिप बहुतेकदा धडधाकट असते, पॅड आणि पंखे मात्र थकलेले.

परत बसवताना पंख्याचे कनेक्टर आधी, मग चार स्क्रू कर्णरेषेत, दोन-दोन फेरे करत. आमचा पुढचा लॉग: खोली ३४, कार्ड ७२, हॉटस्पॉट ८५. फरक ३८.

सेटिंगमधून आणखी थोडं

हे उपाय ज्यांना कार्ड उघडायचंच नाही त्यांनी आधी करावेत. एफपीएसवर मर्यादा घाला. मॉनिटर ७५ हर्ट्‌झचा असेल तर १६० एफपीएस काढून कार्डाला राबवण्यात काहीच मिळत नाही. काही गेमचा मेनू तर मोकाट सोडला की शेकडो एफपीएसने धावतो, आणि आपण चहा आणायला गेलेले असताना कार्ड तिथेच सगळ्यात जास्त तापतं.

मग एमएसआय आफ्टरबर्नर, कार्डाची सेटिंग बदलणारा प्रोग्रॅम. तो कोणत्याही कंपनीच्या कार्डावर चालतो. पॉवर लिमिट १०० वरून ८० टक्क्यांवर आणा, एफपीएसमध्ये किरकोळ फरक पडतो, उष्णता चांगली उतरते. त्यापुढे अंडरव्होल्ट, म्हणजे त्याच वेगाला कमी व्होल्टेज देणं: कंट्रोल आणि एफ दाबलं की व्होल्टेज-क्लॉकचा आलेख उघडतो. ९५० मिलिव्होल्टचा बिंदू उचलून १८०० मेगाहर्ट्‌झवर ठेवा, उजवीकडचे सगळे बिंदू त्याच पातळीवर सपाट करा आणि लागू करा. तासभर खेळा. टिकलं तर २५ मिलिव्होल्ट खाली या. पडायला लागलं तर एक पायरी वर. ही संख्या १६६० सुपरची आहे, तुमच्या कार्डाचा नेहमीचा क्लॉक पाहून सुरुवात करा. विंडोजबरोबर आपोआप लागू होण्याची खूण दोन-तीन दिवस नीट चालल्यावरच करा, नाहीतर चुकीची सेटिंग प्रत्येक वेळी सुरुवातीलाच मशीन पाडते. भाच्याचं कार्ड ९०० वर टिकलं आणि ६७ अंशांवर आलं.

फॅनचा आलेखही तिथेच आहे. ६० अंशांना ५० टक्के, ७५ ला ८० टक्के असा चढ माझ्या मते बरा. हलक्या कामात पंखे पूर्ण बंद ठेवणारी कार्डं असतात, त्यामुळे डेस्कटॉपवर पंखा थांबलेला दिसला तर तो बिघाड समजू नका.

फरमार्क या कार्डावर मुद्दाम ताण देणाऱ्या प्रोग्रॅमने चाचणी घ्यावी का, असं बरेच जण विचारतात. मी टाळतो. तो कार्डाला कोणत्याही गेमपेक्षा जास्त तापवतो आणि आपला प्रश्न गेममधला आहे. ज्या गेममध्ये पडतं त्याच गेमचा तोच नकाशा, अर्धा तास.

आकडे थंड, तरी पडतंय?

मग वीज. १६६० सुपर १२५ वॅटचं, आरटीएक्स ३०६० हे १७० वॅटचं. स्लॉटमधून कार्डाला ७५ वॅट मिळतात, सहा पिनच्या केबलमधून ७५, आठ पिनच्या केबलमधून १५०. कार्डाला दोन जोड असतील तर एकाच केबलची दोन तोंडं न वापरता एसएमपीएसमधून दोन वेगळ्या केबल आणा. एचडब्ल्यूइन्फोमध्ये १२ व्होल्टची ओळ पाहा: ११.४ ते १२.६ ही मान्य कक्षा. गेम सुरू होताच ती ११.४ च्या खाली बुडत असेल तर एसएमपीएस थकलाय. मात्र सॉफ्टवेअरचा हा आकडा कधीकधी फसवा असतो, शंका आली तर मल्टिमीटर किंवा मित्राचा एसएमपीएस लावून पाहा.

आपल्याकडे यूपीएस हा वेगळाच अध्याय आहे. कोपऱ्यातला ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो. गेमिंग मशीन आणि मॉनिटर मिळून तिथवर सहज जातात. वळवाच्या पावसाआधी नाशिकमध्ये वीज डोळे मिचकावते, यूपीएस बॅटरीवर जातो, ओझं झेपत नाही आणि मशीन बंद. नोंदीत कर्नल-पॉवर ४१, आणि दोष मात्र कार्डावर. घरच्या इन्व्हर्टरवर मशीन असेल तर त्याचं बटण 'यूपीएस मोड'वर आहे का बघा. साध्या मोडमध्ये वीज गेल्यावर तो उशिरा धरतो आणि तेवढ्यात कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो. चाचणी सोपी: एक दिवस यूपीएस वगळून थेट भिंतीच्या प्लगवर खेळा.

ड्रायव्हरचा संशय असेल तर डीडीयू नावाचं मोफत टूल सेफ मोडमध्ये चालवून जुना ड्रायव्हर मुळापासून काढा आणि नवा बसवा. रॅमचं एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवणारी सेटिंग) तात्पुरतं बंद करून पाहा. सरतेशेवटी कार्ड मित्राच्या मशीनमध्ये लावा. तिथेही पडलं तर कार्ड, नाही पडलं तर तुमचं मशीन.

थंड असतानाच, विंडोज उघडतानाच ठिपके दिसत असतील तर घरचे उपाय संपले. कार्ड ओव्हनमध्ये भाजण्याचे व्हिडिओ पाहून तसं करू नका. तो जीव तात्पुरता येतो, आणि ज्या ओव्हनमध्ये ते केलं त्यात पुन्हा खाण्याचं काही भाजण्यासारखं राहत नाही.

दुकानात जायची वेळ आली तर

एम. जी. रोडवर किंवा तुमच्या ओळखीच्या माणसाकडे जाताना लॉगची फाइल मोबाइलमध्ये न्या. "गरम होतं" असं न सांगता "खोली ३४ असताना वीस मिनिटांत ८८, हॉटस्पॉट ११०" असं सांगा. बोलणं लगेच बदलतं. कार्डाच्या सीरियल नंबरचा फोटो आधी काढून ठेवा. पंख्याचा घरघराट हा एकच दोष असेल तर अख्खं कार्ड बदलू नका. पंख्याच्या मागच्या स्टिकरवर मॉडेल नंबर असतो, त्यावरून सुटा पंखा मिळतो. आणि परत घेताना समोर अर्धा तास गेम चालवून दाखवायला सांगा. पाच मिनिटांत कार्डाचं खरं तापमान कळत नाही.

भाच्याने साइड पॅनलच्या आतल्या बाजूला रंगाऱ्याच्या कागदी टेपची पट्टी चिकटवली आहे. तिच्यावर तारीख, खोली, कार्ड, हॉटस्पॉट असे चार रकाने आहेत. पहिल्या ओळीत ३४, ८८, ११०. शेवटची ओळ या पाडव्याची आहे: खोली ३२, कार्ड ६६, हॉटस्पॉट ७९.